बास्टियानसाठी लावलेलं पातं

आधी एक गोष्ट सांगून मोकळा होतो. बास्टियान गेला म्हणून मी आनंद केला नाही. आमच्या बांधावर अजूनही दोन-चार जण असे आहेत की ज्यांना हे पटत नाही. न पटो. पण झालं काय ते एकदा धड सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर माझ्या उजव्या डोळ्यापासून सुरुवात करावी लागते. इलाज नाही.

मी लेंडर्ट स्टाम, वय चौऱ्याहत्तर. कालव्याच्या अलीकडची पवनचक्की, तिचं नाव राखी बगळा, चाळीस वर्षं माझ्या हातात आहे. कालव्यापलीकडची पाणकोंबडी, ती बास्टियानची. दोन्ही चक्क्या सखल शेतांतलं पाणी उपसून कालव्यात टाकण्यासाठी बांधलेल्या. ते काम हल्ली विजेचा पंप करतो म्हणा, पण चक्की फिरती ठेवली नाही तर तिची हाडं धरतात, म्हणून जुन्या चक्क्या जपणाऱ्या संस्थेने आम्हा म्हाताऱ्यांना ठेवलंय.

अडतीस वर्षं बास्टियान आणि मी रोज सकाळी कालव्याच्या दोन काठांवरून एकमेकांना शिव्या घालून दिवस सुरू करायचो. शेवटची दोन वर्षं मात्र एक अक्षर नाही. कारण असं झालं. माझी चक्की जोरात चालू होती आणि कोणी एक पाहुणी बाई बाबागाडी ढकलत थेट पात्यांच्या वाटेत निघाली. आमची पाती जमिनीपासून हातभर वरून जातात. गाय मध्ये आली तर गाय उडेल. पलीकडून बास्टियान असा काही बोंबलला की बाई जागच्या जागी थिजली, आणि मग मी ब्रेक ओढला. तो धापा टाकत पुलावरून आला आणि म्हणाला, "लेंडर्ट, तुला ती दिसलीच नाही."

"दिसली होती," मी म्हणालो.

"मग ब्रेक का नाही ओढलास?"

"ओढणारच होतो."

तो वळून पुलावरून परत गेला. पण आठवड्याने त्याने संस्थेला पत्र लिहिलं, की लेंडर्टची नजर गेलीय, त्याच्या जोडीला माणूस द्या. माझं डोकंच फिरलं. माझी चक्की याला हवीय, दुसरं काय! त्या दिवसापासून मी त्याच्याकडे बघायचं सोडलं. संस्थेनेही सांगितलं की डोळे तपासून घ्या, नाहीतर किल्ल्या द्या. मी वर्ष-दीड वर्ष टाळाटाळ केली आणि शेवटी या मार्चमध्ये मोतीबिंदू काढायला गेलो.

तिथे नवीनच कळलं. मोतीबिंदू तर होताच, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मेनेर स्टाम, तुमचं बुबुळ चेंडूसारखं गोल नाही, अंड्यासारखं आहे. त्यामुळे एका दिशेची रेघ स्पष्ट दिसते आणि दुसऱ्या दिशेची फिसकटते. मोतीबिंदूच्या जागी आपण असं भिंग बसवू, की ते हा दोष खोडून काढेल. फक्त ते नेमक्या कोनात बसायला हवं."

बसवलं. पहिले चार दिवस स्वर्ग. गवताची पाती न् पाती दिसली, यान्नाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हनुवटीवरचा केससुद्धा दिसला. तो दिसल्याचं मी बोललो नसतो तर बरं झालं असतं. पाचव्या दिवशी सकाळी बाहेर येऊन वर बघतो तर राखी बगळ्याला आठ पाती. प्रत्येक पात्याला चिकटून त्याचं भूत.

"भिंग जरा फिरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"फिरलं? आत वारा लागतो की काय?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कधीकधी होतं असं. पुन्हा छोटी शस्त्रक्रिया करून ते सरळ करता येईल, नाहीतर जखम पूर्ण भरली की चष्म्यात सिलिंडरचा नंबर घालून भागवता येईल. मी म्हणालो, एकदा सुरी लावली ती पुष्कळ झाली, चष्मा द्या. डाव्या डोळ्यात अजून मोतीबिंदू होताच, त्यातून जग दुधात बुडाल्यासारखं दिसायचं. एकात दूध, एकात भुतं. असे सहा आठवडे काढले.

मग चष्मा आला. चष्म्याच्या दुकानात फ्लूर नावाची नात शोभेल एवढी मुलगी आहे. तिने तो माझ्या नाकावर ठेवला आणि भुतं गेली. पण दुकानाचं दार उजवीकडे कलंडलं होतं. खिडकीही. बाहेर चर्चचा मनोरा असा उजवीकडे झुकलेला की मी फ्लूरचा हात धरला.

"घाबरू नका," ती म्हणाली. "सुरुवातीला सरळ गोष्टी तिरक्या दिसणार. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत लावायचा, काढ-घाल करायची नाही. दोन आठवड्यांत डोक्याला सवय होते आणि सगळं सरळ दिसायला लागतं."

आता खरं सांगतो, यातलं मी फक्त पहिलं वाक्य ऐकलं. सरळ गोष्टी तिरक्या दिसणार. बस्स, मला हवी होती ती माहिती मिळाली. चक्कीवाल्याला आपल्या अवजारात किती खोट आहे हे कळलं की तो कामाला मोकळा. घरी येऊन मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने एक रेघ मारली, माझ्या डोळ्याला अगदी उभी सरळ दिसेल अशी, दोन मीटर उंच. मग वरच्या खिळ्याला ओळंबा टांगला. ओळंबा खोटं बोलत नाही. रेघेचं वरचं टोक दोरीच्या डावीकडे वीतभर आणि वर चार बोटं. म्हणजे माझा डोळा सरळ गोष्ट तेवढी उजवीकडे कलती दाखवतो. पातं तेरा मीटरचं, तेव्हा त्याच्या टोकाला हा फरक होतो दोन मीटर. मी ते भिंतीवर लिहून ठेवलं आणि खाली दोनदा रेघ ओढली. भलता खूश झालो होतो.

यान्ना गोठ्याच्या दारात उभी राहून बघत होती. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "त्या पोरीने चष्मा लावून ठेवायला सांगितलाय, भिंती रंगवायला नाही."

"तुला यातलं काही कळत नाही."

"मला एवढंच कळतं की तू तो जेवताना काढतोस, वाचताना काढतोस आणि माझ्याशी भांडताना काढतोस."

दुसऱ्याच दिवशी ती मुलीकडे ग्रोनिंगनला गेली. मुलीचे दिवस भरत आले होते. जाताना माझा जुना चष्मा बॅगेत टाकून घेऊन गेली, म्हणजे मला पर्यायच उरला नाही. मग काय, लावला. रागारागाने लावला, पण सकाळपासून रात्रीपर्यंत लावला.

बाराव्या दिवशी, मंगळवारी, सकाळी तिचा फोन. "लेंडर्ट, बसलायस का? बास्टियान गेला. पहाटे. झोपेतच. नेलचा मला आत्ता फोन आला."

नेल म्हणजे बास्टियानची बायको. मी खिडकीतून पाणकोंबडीकडे बघितलं. ती नेहमीसारखीच उभी होती, तिला काही कळलेलं नव्हतं. दोन वर्षं मी त्या माणसाकडे बघितलं नव्हतं, आणि आता बघायला तो नव्हताच.

"तू जा नेलकडे," यान्ना म्हणाली.

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच तोंडाने जा. दुसरं कुठून आणणार?"

पण मी गेलो नाही. पुलापर्यंत गेलो आणि परत आलो. काय बोलणार होतो मी? एक काम मात्र मला करता येत होतं. आमच्याकडे चक्की बोलते, हे बांधावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. समोर उभं राहिलं की पाती उजवीकडून वर चढतात आणि डावीकडे उतरतात. घरात जन्म असो, लग्न असो, तर एक पातं शिखरावर पोचण्याआधी मीटरभर उजवीकडे थांबवायचं. ते येणारं पातं, आनंदाचं. कोणी गेलं तर शिखर ओलांडून मीटरभर डावीकडे थांबवायचं. ते जाणारं पातं, शोकाचं. माझी आई गेली तेव्हा बास्टियानने पाणकोंबडी दहा दिवस शोकात ठेवली होती, पाऊसवाऱ्यात तीनदा उठून सारखी केली होती. आता माझी पाळी. शेवटचं जे काही त्याला सांगायचं ते या एका पात्यानेच सांगता येणार होतं, आणि ते चुकवून चालणार नव्हतं.

मी चक्कीची टोपी, म्हणजे वरचा फिरता माथा, वळवून पात्यांचं तोंड थेट पाणकोंबडीकडे केलं, नेलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. वारा जेमतेम होता. ब्रेक उचलला, खालचं पातं हाताने ढकलत आणलं, आणि वरचं पातं शिखर ओलांडून डावीकडे मीटरभर उतरल्यासारखं दिसलं तिथे थांबवलं. समोर जाऊन बघितलं. डोळा म्हणाला, झालं, हाच शोक.

पण डोळ्याचं ऐकेल तो लेंडर्ट कसला! माझ्या डोळ्यात दोन मीटरची खोट होती, भिंतीवर लिहिलेली. डोळा सगळं दोन मीटर उजवीकडे दाखवतो. तेव्हा जे मला मीटरभर डावीकडे दिसतंय ते खरं तीन मीटर डावीकडे असणार. तीन मीटर म्हणजे शोक नव्हे, तो नुसता गबाळेपणा. मी गोठ्यात जाऊन आकडे पुन्हा बघितले. खरा शोक हवा तर मला तो आनंदासारखा दिसायला हवा, मीटरभर उजवीकडे. ऐकायला वेडगळ वाटतं, मलाही वाटलं. पण हिशेब तसाच येत होता. दोनदा केला, दोन्ही वेळा तसाच. मग मी पातं मागे आणलं, शिखराच्या उजवीकडे मीटरभर, ब्रेक लावला, खालच्या टोकाला साखळी अडकवली आणि डोक्यावरची टोपी काढून क्षणभर उभा राहिलो. मला समोर हसरी चक्की दिसत होती. मी मनाशी म्हणालो, ही रडतेय.

बुधवारी सकाळी वाउटर आला. हा चीज बनवणारा शेतकरी, आमच्यापासून तिसरं घर. सायकलवरून उतरला तो हात पुढे करूनच.

"अभिनंदन, आजोबा!"

"कशाचं?"

"वा रे वा! मुलगा की मुलगी?"

"अजून कुठे झालंय? यान्ना तिकडेच आहे. शुक्रवारपर्यंत होईल म्हणतात."

वाउटरने माझ्याकडे बघितलं, चक्कीकडे बघितलं, परत माझ्याकडे बघितलं. "मग हे कशासाठी?"

"बास्टियानसाठी. काल गेला ना तो. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे." त्याने हात मागे घेतला. "म्हणजे हे बास्टियान गेला म्हणून?"

"अर्थात. चाळीस वर्षांचा शेजार. एवढं तरी करायलाच हवं."

"धन्य आहे तुझी, लेंडर्ट," तो म्हणाला आणि सायकलवर टांग टाकून निघून गेला. जाताना आमच्या कुत्र्यालासुद्धा नेहमीसारखी हाक मारली नाही.

मला काही उमगेना. दोन वर्षं बोलत नव्हतो म्हणून काय मी शोकही करायचा नाही? दुपारी पाव आणायला गेलो तर दुकानात चार बायका बोलत होत्या, त्या मला बघून एकदम गप्प. त्यांच्यात नेलची बहीण होती. तिने माझ्याकडे पाठ केली आणि भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली. पाववालीने पैसे माझ्या हातात न देता गल्ल्यावर ठेवले. घरी येताना एका पोरीने बांधावरून माझ्या चक्कीचा फोटो काढला. मी हात हलवला, तिने हलवला नाही.

संध्याकाळी यान्नाला फोन केला. "इथली माणसं बिथरलीत. मी शोक लावलाय तर चिडतात."

"नीट लावलायस ना?"

"चाळीस वर्षं लावतोय मी!"

"चष्मा लावलायस का?"

"लावलाय, लावलाय. बारा दिवस उतरवला नाही. आता तर तो नाकावर आहे हेही कळत नाही."

हे वाक्य मी माझ्याच तोंडाने बोललो. बोललो आणि फोन ठेवून सूप गरम करायला गेलो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय म्हणायचं?

त्या रात्री झोप लागली नाही. गावाला झालंय काय याचाच विचार. बास्टियानने मरताना माझ्याबद्दल काही बोलून ठेवलं असेल का? ती बाबागाडीची गोष्ट पुन्हा निघाली असेल का? की लोकांना वाटतं मला शोक करायचा अधिकारच नाही? एकदा वाटलं शोक काढून पातं साधं उभं करावं. पण मग नेलला वाटेल की दोन दिवसांतच याचा शोक संपला. नको, राहू दे.

गुरुवारी चार वाजता नेल स्वतः आली. काळा कोट, पायात मात्र बागेतले लाकडी बूट. सायकल तिने गवतात टाकली, उभी केली नाही.

"लेंडर्ट! बाहेर ये! काय दडून बसलायस?"

"नेल, मी येणारच होतो तुझ्याकडे..."

"तू नेहमी येणारच असतोस. ब्रेकसुद्धा ओढणारच होतास." तिचा आवाज फाटला. "माझा माणूस घरात पेटीत पडलाय. उद्या त्याला नेणार. आणि मी भांडी घासायला उभी राहिले की तुझी चक्की समोर नाचतेय! एवढा आनंद झाला? दोन वर्षं एवढ्यासाठी थांबलास?"

"आनंद?" मला खरंच कळेना ती काय बोलतेय. "नेल, शोक आहे तो. मी शोक लावलाय!"

"पन्नास वर्षं चक्कीवाल्याशी संसार केला मी, आणि तू मला शोक शिकवतोस? बघ की वर! डोळे आहेत ना?"

"डोळ्यांचाच तर घोळ आहे!" मी ओरडलो. "डोळ्याला तो आनंद दिसतो, खरा तो शोक आहे! हिशेबाने लावलाय मी!"

ती एक पाऊल मागे सरकली. माणसाचं डोकं ठिकाणावर नाही असं वाटलं की आपण सरकतो, तशी. मग हळू आवाजात म्हणाली, "कसला हिशेब?"

मी तिला गोठ्यात नेलं. भिंत दाखवली, रेघ दाखवली, ओळंबा दाखवला, वीतभर आणि चार बोटं, दोन मीटर, सगळं. फिरलेलं भिंगही सांगितलं आणि झुकलेला मनोराही. ती मान वाकडी करून ते आकडे बघत राहिली.

"ही रेघ कधी मारलीस?"

"चष्मा आणला त्या दिवशी."

"म्हणजे कधी?"

"झाले दोन आठवडे."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय?"

"त्यानंतर परत मारून बघितलीस का रे, गाढवा?"

फ्लूरचं ते शेवटचं वाक्य, जे मी ऐकलं नव्हतं, ते आत्ता कानात वाजलं. दोन आठवड्यांत सरळ दिसायला लागतं. गोठ्याचं दार सरळ होतं. खिडकी सरळ होती. कधीपासून सरळ होती, देव जाणे. रोज त्याच दारातून आत-बाहेर करत होतो आणि माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

नेलने कोपऱ्यातला खडू उचलून माझ्या हातात दिला, ओळंब्याची दोरी बाजूला ओढून धरली आणि म्हणाली, "मार."

मी खिळ्यापासून खाली रेघ मारली. डोळ्याला उभी सरळ दिसेल अशीच मारली. नेलने दोरी सोडली. ती इकडून तिकडे झुलली, पुन्हा झुलली, हळूहळू थांबली. बरोबर रेघेवर. केसभर इकडे नाही की तिकडे नाही.

मंगळवारी पहिल्यांदा थांबवलं होतं तेच बरोबर होतं. डोळ्याने मला सरळ सांगितलं होतं, हा शोक. मीच त्याला खोटं पाडलं, आणि बास्टियानच्या दारासमोर जल्लोष टांगून ठेवला. वाउटरचा हात, त्या चार बायका, पाववाली, सगळं एकदम समोर आलं. नेलच्या खिडकीत तीन दिवस तो आनंद उभा होता. तीन दिवस.

"नेल," मी म्हणालो, "मला माफ कर. मी मुद्दाम नाही केलं."

"कळलं ते." ती उलट्या बादलीवर बसली. एकाएकी खूप म्हातारी दिसली. "मुद्दाम करायला अक्कल लागते."

मग मी बोललो. का बोललो माहीत नाही. यान्नाशीही कधी बोललो नव्हतो. "ती बाई," मी म्हणालो. "बाबागाडीवाली. मला दिसली नव्हती. बास्टियान ओरडला नसता तर..." मी हातातला खडू खाली ठेवला. "दिसली नव्हती मला, नेल."

तिने लाकडी बुटाच्या टोकाने जमिनीवरचा पेंढा सरकवला. "त्याला ठाऊक होतं. तू सांगशील म्हणून थांबला होता. चक्की बंद करून आला की खिडकीत बसायचा आणि पुलाकडे बघायचा. आज येईल, म्हणायचा. मी म्हणायचे, तूच जा की. तर म्हणायचा, मी गेलो तर तो पुन्हा खोटं बोलेल, त्याला येऊ दे."

"मला वाटलं त्याला माझी चक्की हवी."

"एक चक्की सांभाळताना त्याची कंबर मोडत होती, तुझी घेऊन काय करणार होता? जोडीला माणूस द्या म्हणून लिहिलं, तो माणूस तो स्वतःच होणार होता. दुसरं कोण टिकलं असतं तुझ्याबरोबर?"

मी तिथेच रडलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा बाप्या गोठ्यात उभा राहून हमसून हमसून रडलो, लाज वाटली नाही. चष्मा ओला झाला. नेलने कोटाच्या खिशातून रुमाल काढला, माझ्या नाकावरचा चष्मा उतरवून घेतला, पुसला आणि परत लावला. बास्टियानचाही ती असाच पुसत असणार.

"चल," ती म्हणाली. "उजेड आहे तोवर."

मी साखळी सोडली आणि ब्रेक उचलला. ती समोर बांधावर जाऊन उभी राहिली, दोन्ही हात कोटाच्या खिशात. पातं शिखराकडे सरकलं, शिखरावर आलं, ओलांडून गेलं. बांधावरून तिचा आवाज येत होता. "डावीकडे. अजून. अजून थोडं." मी खालच्या टोकाला धरून चालत होतो. मला दिसत होतं, कुठे थांबायचं ते मला स्पष्ट दिसत होतं. तरी मी तिच्या आवाजाची वाट बघितली.

"बस," ती म्हणाली. आणि मग हळूच, मला ऐकू येईल न येईल असं, "आता निघाला तो."

मी ब्रेक ओढला, साखळी अडकवली आणि तिच्या शेजारी जाऊन वर बघितलं. जसं होतं तसंच दिसत होतं.